मडक्यातले चिंचोके

निजामाचं राज्य होतं. बेंबळीच्या आमच्या शाळेत तपासणीला साहेब आले आणि आल्या आल्या छडी शोधू लागले. ती नव्हतीच.

“छडीशिवाय पोरं ऐकतात?” त्यांनी विरुपाक्ष मास्तरांना दरडावून विचारलं.

“ऐकतात. माझा भरवसा हाय त्यांच्यावर.”

“ते पोरांना ठाऊक आहे का? बघूच आता.”

मास्तरांना बाहेर पाठवून साहेबांनी कोपऱ्यात मडकं ठेवलं. शेजारी आमचे गणिताचे चिंचोके आणि थोडे खडे. मास्तरांचा आपल्यावर भरवसा आहे असं ज्याला वाटतं, त्यानं चिंचोका टाकायचा. वाटत नसेल तर खडा. एकेकानं जायचं, बाकीच्यांनी बघायचं नाही.

आम्ही तेवीस जण होतो. साहेबांनी मडकं उपडं केलं. खडा एकही नव्हता. चिंचोके मात्र चोवीस निघाले.

“बेइमानी!” साहेब कडाडले. “दोन कुणी टाकले?”

माझं डोकंच भडकलं. मी उभी राहिले.

“म्या टाकले. एक माझा, एक माझ्या बहिणीचा. महानंदा तापानं फणफणलीय म्हणून आली न्हाय. पहिलीच्या पोरांचे पाढे मास्तरांनी तिच्यावर सोपवलेत. अंथरुणातबी तेच घोकतीय ती. आज घरी हाय म्हणून तिच्यावरचा भरवसा मोजायचा न्हाय व्हय?”

साहेबांनी मास्तरांना आत बोलावलं, त्यांच्यासमोर शेऱ्याच्या वहीत लिहिलं आणि सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं:

“हजर तेवीस. भरवसा चोवीस.”