सामाईक डी ड्राइव्ह

दुपारी सव्वाबाराला केदारनाथने दुकानातला कॉम्प्युटर सुरू करून विंडोज उघडली, तर डी ड्राइव्हमध्ये सोमनाथचा फोटो नव्हता.

सकाळी कावेरीने तो तिथंच ठेवला होता. २००१ साल. चौसाळ्याच्या या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर एकच. पण बहीणभावांनी त्याच्या हार्ड डिस्कची वाटणी करून घेतलेली. एका भागात केदारनाथची विंडोज, दुसऱ्यात लातूरला शिकून आलेल्या कावेरीचं लिनक्स. एका वेळी दोन्हींपैकी एकच चालायचं. डी मात्र दोघांचा, सामाईक विहिरीसारखा.

बाकावर सत्यभामा बसली होती. तिचा मुलगा सोमनाथ मागच्या साली मांजरसुंब्याला मेंढरं हायवेपार नेताना ट्रकखाली गेला. त्याचा फोटो एवढा एकच, तोही फ्रेमच्या काचेला चिकटलेला. कावेरीने आधी काचेसकट स्कॅन केला, मग काच सोडवायला गेली. चेहरा काचेबरोबर निघून आला. फोटोचे तुकडे तिने टेबलाच्या खणात सारले होते. सत्यभामेला अजून काही सांगितलं नव्हतं.

"दादा, सकाळी लाइट गेली तवा विंडोज बंद केलती ना?"

"बंद कावून करू? लग्नपत्रिका उघडी होती. यूपीएस बोंबलायला लागला, मग तशीच हायबरनेट करून झोपवली. बघ, जशी झोपली तशी उठली."

कावेरीला घोटाळा कळला. विंडोज झोपताना डी जसा होता तसा ध्यानात धरून झोपली होती. मधल्या वेळात लिनक्समधून तिथं फोटो आला, याचा विंडोजला पत्ताच नव्हता. फोटोची जागा तिच्या लेखी अजून रिकामीच; आता काहीही सेव्ह केलं तर ते फोटोवरच बसू शकत होतं.

"हात काढ. पत्रिका सेव्ह करू नको."

"मघाच केली की."

"कुठं?"

"डीवर. रोज कुठं करतो मी?" केदारनाथने माउस धरला. "थांब, बंदच करतो."

"बंद न्हाई! बंद होताना राहिलेलं समदं लिहून टाकती ती."

"काय झालं वं?" बाकावरून सत्यभामेने विचारलं. "पोरगं दिसंना का?"

"दिसंल, मावशी. बसा तुमी."

"लई भटक्या होता. आता फोटोत तरी एका जागी बसवा त्याला."

केदारनाथ हसायला गेला, पण हसू आलं नाही. कावेरी टेबलाखाली वाकली आणि तिने कॉम्प्युटरची वायर उपसली. पडदा काळा झाला.

पुन्हा वायर लावून तिने लिनक्स सुरू केलं. डीची तपासणी सुरू झाली. चुका सापडत गेल्या, एकीखाली एक. मग फाइलचं नाव दिसलं. आकारही सकाळचाच. पण आत काय उरलं होतं, ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

तिने फाइल उघडली. जुनं मशीन, मोठा स्कॅन. चित्र वरून रेघेरेघेने उतरू लागलं. फ्रेमची कड. विस्कटलेले केस. कपाळ.

सत्यभामा उठून तिच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

फोटो भुवयांपर्यंत उतरला होता आणि डिस्क करकरत होती.