दोनशे चौदा घरं अडकली

गोसीखुर्दच्या धरणापायी उठलेलं एक गाव नव्या गावठाणात वसलं होतं. त्याचा घरोघरी सर्व्हे स्वातीने अकरा दिवसांत उरकला. सर्व्हे करून घेणाऱ्या एजन्सीने तिला जाड रबरी कडांचा दणकट टॅबलेट दिला होता. पाण्यात पडला तरी चालेल, उंचावरून आपटला तरी फुटणार नाही, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. ते अगदी खरं निघालं. टॅबलेट नालीत पडला, बैलाच्या पायाखाली आला, काही झालं नाही. फक्त आत गेलेली दोनशे चौदा घरांची माहिती बाहेर येईना.

"इंटरनेटने जात नसेल तर टॅबलेटच्या सेटिंगमध्ये यूएसबी डिबगिंग चालू करा आणि केबल लावून लॅपटॉपवर घ्या," एजन्सीवाले फोनवर म्हणाले. काम ग्रामपंचायतीचा ऑपरेटर अंकुर याच्याकडे आलं. स्वाती टॅबलेट घेऊन त्याच्या शेजारी बसली.

पहिल्या दिवशी लॅपटॉपने टॅबलेट ओळखलाच नाही. नावापुढे पिवळा त्रिकोण. दुसऱ्या दिवशी अंकुरने भंडाऱ्याहून पेनड्राइव्हमध्ये नेमका ड्रायव्हर, म्हणजे टॅबलेट ओळखायचं सॉफ्टवेअर, आणला. त्रिकोण गेला, पण त्या जागी 'अनधिकृत' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आला.

"ड्रायव्हरच खराब दिसते," अंकुर म्हणाला. त्याने तो काढला, पुन्हा टाकला. असं चारदा. केबल ढिली बसत होती, म्हणून टॅबलेट पालथा घालून त्यावर मतदार यादीचा गठ्ठा ठेवला होता.

तेवढ्यात त्याच गावठाणातल्या कौशल्याबाई आल्या. सर्व्हे होऊनही आपल्या नोंदीचा कागद का आला नाही, हे विचारायला त्या रोज येत. बाकावर बसून त्या पाहत राहिल्या.

"बाबू, ते हालून रायलं."

"व्हायब्रेट होते, मावशी. केबल लावली का तसंच होते."

कौशल्याबाईंनी उठून गठ्ठा बाजूला केला, टॅबलेट उताणा केला आणि चौथीपर्यंतच्या शिक्षणाच्या भरवशावर एकेक अक्षर लावून वाचलं, "या संगणकाला... परवानगी द्यायची का? अरे, हा त विचारून रायला!"

ड्रायव्हर टाकल्यापासून तो हेच विचारत होता. अंकुरने 'हो'वर बोट ठेवलं. मिनिटभरात सगळी घरं लॅपटॉपवर आली.

"डब्बा मोठा सज्जन हाये," कौशल्याबाई म्हणाल्या. "आमचं घर पाण्यात गेलं, तवा आमाले कोनी असं नाही विचारलं."

स्वाती हसली. तिने त्यांची नोंद उघडून दाखवली. नाव बरोबर, माणसं तीन, गाव सोडण्याचं कारण: इतर.

"इतर म्हंजे काय वं?"

"मावशी, त्याच्यात लग्न, नोकरी, शिक्षण आन् इतर, एवढंच होतं." दोनशे चौदा वेळा तिने तेच दाबलं होतं.

"मंग धरण लिव ना."

"फाईलमंदी हात लावायचा नाही म्हणते एजन्सी," अंकुर म्हणाला.

स्वातीने ईमेलवर फाईल जोडली आणि खाली स्वतःच्या नावाने एक ओळ लिहिली: 'इतर म्हणजे धरण.' कौशल्याबाईंनी ती दोनदा वाचून घेतली, मगच पाठवू दिली.

तासाभरात उत्तर आलं. फाईल मिळाली होती. टॅबलेट सुस्थितीत परत करावा, एवढंच पुढे लिहिलं होतं.