कमलम्माचा शेरा

"बंद करा वो अम्मा ते पुस्तक! टाके ताणून राहिलेत," आरती पोटावर उशी दाबून कळवळली आणि पुन्हा हसली. सिझर होऊन तिला तीनच दिवस झाले होते. पलीकडच्या खाटांवरच्या बायकाही तोंडात पदर कोंबून हसत होत्या. कमलम्माने पुस्तक मिटलं, कमरेची पेन्सिल काढली आणि शेवटच्या पानावर गिचमिड अक्षरात लिहिलं, 'टाकेवालीला देऊ नये.'

देगलूरच्या वाचनालयात विनोदी पुस्तकाला याहून मोठं प्रमाणपत्र नव्हतं. कमलम्मा सरकारी दवाखान्यातली आया. दुपारी डॉक्टरांची फेरी आटोपली की बाळंतिणींना हलकंफुलकं काहीतरी वाचून दाखवायची आणि मग शेरा मारायची. त्यात भीडभाड नसे. 'पहिली वीस पानं झकास, पुढं तेच नवरा-बायको न् तेच भांडण.' 'लेखक आधी स्वतःच हसतो, आपल्याला जागाच ठेवत न्हाई.' 'जाड्या बाईवर हसवतो. आमच्या वॉर्डात चाललं न्हाई.' एका नावाजलेल्या पुस्तकावर तर नुसतं 'झोप छान लागते' एवढंच होतं. लोक आधी शेवटचं पान बघत आणि मगच पुस्तक घरी नेत.

तिला हे वेड लावलं वसंतरावांनी. ते निवृत्त मुख्याध्यापक आणि वाचनालयाचे अध्यक्ष. लग्न होऊन तेलंगणातून आली तेव्हा कमलम्माला तेलुगू तेवढं वाचता यायचं. वसंतरावांनीच तिच्याकडून मराठी मुळाक्षरं गिरवून घेतली आणि हातात विनोदी पुस्तक दिलं. "जड पुस्तकं मागाहून. हसता हसता अक्षर लवकर बसतं," असं म्हणाले होते. जड पुस्तकांकडे ती काही वळली नाही, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नाही.

त्याच वसंतरावांनी आता स्वतः विनोदी पुस्तक लिहिलं होतं, शाळेतल्या आठवणींचं. "रविवारी प्रकाशन आहे, कमलम्मा. पत्रिकेत तुमचं नाव छापलंय. गावात तुमचा शब्द चालतो, तुम्ही बोलायचं," म्हणत त्यांनी प्रत तिच्या हातात ठेवली. पत्रिकेतलं आपलं नाव तिने अख्ख्या गल्लीला दाखवलं.

मग तीन दुपारी तिने ते पुस्तक वॉर्डात वाचलं. कुणी हसेना. आरतीची सासू केवळाबाई तर नातवाला मांडीवर घेऊन बसल्या जागी घोरू लागली. वॉर्ड हसला तो एकदाच. तपासणीच्या दिवशी वसंतराव घाईघाईत बायकोच्या चपला घालून शाळेत गेले आणि दिवसभर टेबलामागून हलले नाहीत, त्या पानावर.

शनिवारी घरी कमलम्माची सून शिवकन्या म्हणाली, "दोन गोड शब्द बोला की, आत्याबाई. सरांचे उपकार हायेत. तुमचं काय जातंय?"

"माझा शेराच जातोय की गं," कमलम्मा म्हणाली. "उद्या त्याच्यावर कोण इश्वास ठेवल?"

बोलायला बोलली खरी, पण त्या दिवशी तिला घास गेला नाही. ज्यांनी अक्षर दिलं त्यांच्याच पुस्तकाला चारचौघांत नाव ठेवायचं, म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजायचे.

रविवारी वाचनालयाचं सभागृह भरलं. तिच्या आधी तीन वक्ते बोलले. तिघांनाही पुस्तक अप्रतिम वाटलं होतं, आणि त्यातल्या एकाने ते उघडलेलंही दिसत नव्हतं. मग कमलम्मा उभी राहिली.

"सरांनी मला अक्षर शिकवलं, म्हणून खोटं बोलवत न्हाई. चपलीचं पान लई भारी हाय. आमचा वॉर्ड हसला. बाकीच्या पुस्तकात हसू येता येता राहतं. गोष्ट रंगून राहिलेली असती, तेवढ्यात सर बोध सांगायला लागतात. हसणारं माणूस पुन्हा वर्गात उभं राहतं. सर, गोष्ट झाली की थांबायचं. एवढंच."

वसंतराव खाली बघत होते. कार्यवाहांनी घाईघाईने आभार मानायला सुरुवात केली. कमलम्मा चहा न घेताच घरी आली आणि रडली. गुरुजी दुरावले, त्यांच्याबरोबर वाचनालयही दुरावलं, असंच तिला वाटलं. पण उद्या पुन्हा माइकसमोर उभं केलं असतं तरी ती हेच बोलली असती, आणि डोळे पुसताना तिला स्वतःचा अभिमानच वाटला.

आठ दिवस ती वाचनालयाकडे फिरकली नाही. नवव्या दिवशी, पेशंटना भेटायच्या वेळेला, दारावरच्या नर्सने तिला हाक मारली. बाहेर बाप्यांच्या रांगेत वसंतराव उभे होते. हातात त्यांच्या वळणदार अक्षरातले कागद होते.

"नवं लिहिलंय," ते म्हणाले. "त्या दिवशी मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण पुस्तक पुन्हा वाचलं, तर तुमचंच खरं निघालं. या खेपेला बोध काढून टाकलाय. वॉर्डात वाचून बघाल?"

"तोंडावर सांगीन बघा, सर."

"म्हणून तर आलो."

कमलम्मा कागद घेऊन आत गेली. पुरुषांना आत परवानगी नव्हती. बाळंतिणींच्या नवऱ्यांनी बाकावर सरकून जागा करून दिली, तिथे वसंतराव दाराकडे कान लावून बसले. शेजारच्या तरुण बापाने विचारलं, "आत कोण हाय सर, लेक का सून?"

"आमच्या कमलम्मा आहेत," वसंतराव ताठ होत म्हणाले. "माझा पेपर तपासताहेत."