जनाबाईच्या पुड्या

हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीतली चार-पाच मुलं दुपारी माझ्याकडे विज्ञान शिकायला येतात. सातवीतली भूमिका एकदा कौतुकानं म्हणाली, "आबाजी, आमच्या आजीची तब्येत लय सुधरली. गाल पाहा, कसे गोल झाले!"

तिची आजी जनाबाई. भिवापूरला मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवून निवडतात त्या आवारात, देठ खुडण्यात जन्म गेला, बोटांचे सांधे सुजून बसले. वर्षभर ती बाजारातल्या एका पुडीवाल्याची सांधेदुखीवरची पुडी घेत होती. सूज उतरली, भूक वाढली. शेजारणी विचारत, "काय खाऊन राहिली वं जनाबाई?" पण हातपाय काडीसारखे झालेत आणि जरा लागलं तरी काळेनिळे डाग पडतात, हेही भूमिका बोलून गेली.

मला शंका आली, पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं असावं. मी मुलांना सांगितलं, "सूज म्हणजे शरीराची दुरुस्ती करणारी माणसं. कधी कधी ती चांगलं घरच फोडायला लागतात. दुखण्याच्या साध्या गोळ्या त्यांना बोलावणारी हाक दाबतात, पण पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात. स्टिरॉइड त्या माणसांनाच गप्प बसवतं. डॉक्टरांनी मोजून दिलं तर जीव वाचवतं. अशा पुडीत बिनमापाचं असलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. भूमिका, आजीला उद्या दवाखान्यात नेऊ."

एवढ्यात दारात आईसफ्रूटवाल्याची घंटी वाजली आणि वर्ग उठला.

भूमिका तीन दिवस आली नाही आणि दवाखान्याचं राहूनच गेलं. चौथ्या दिवशी धावतच आली.

"आबाजी, आजी उलट्या करून राहिली! उठली का चक्कर येते. मी तं त्याच दिवशी सगळ्या पुड्या नालीत फेकल्या, मग काहून असं?"

पोरीनं अर्धाच धडा ऐकला होता, कारण मी अर्धाच शिकवला होता.

रिक्षा करून आम्ही जनाबाईला दवाखान्यात नेलं. रक्तदाब फार खाली गेला होता. मी डॉक्टरांना पुड्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी लगेच इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. संध्याकाळी जनाबाईनं डोळे उघडून चहा मागितला, तेव्हा कुठे मी बाकावर टेकलो.

भूमिका रडत होती. "मी तिले मारलंच असतं."

"चूक माझी आहे बेटा. उरलेलं आता ऐक. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. शरीराला लागणारं स्टिरॉइड त्या रोज बनवतात. बाहेरून आयतं मिळत राहिलं की त्या झोपी जातात. ते एकदम बंद केलं तर बाहेरचंही नाही आणि आतलंही नाही."

"मग त्याइले उठवाचं कसं?"

"हळूहळू. डॉक्टर स्टिरॉइडचीच मोजलेली गोळी देतील आणि ती थोडी थोडी कमी करत नेतील. काही महिने लागतील."

आता जनाबाईच्या पलंगाजवळ भूमिकेनं आखलेला कागद आहे. जेवणानंतरची गोळी गिळली की त्यावर खूण होते. सांध्यांसाठी वेगळं औषधही सुरू झालंय.

"माहे गाल उतरले तं शेजारणी म्हणतीन, नात खाऊ घालत नाही," जनाबाई कुरकुरते.

"म्हणू दे. त्याइले इकडं पाठव, मी शिकवते," भूमिका म्हणते.

परवा वर्गात मी खडू तिच्या हातात दिला. तिनं फळ्यावर आधी दोन टोप्या काढल्या आणि दाराची कडी लावली.

"पूर्ण होईपर्यंत कोणी उठाचं नाही," ती म्हणाली. "आईसफ्रूटवाला आला तरी."