पाणमांजरांचं ताजं वजन

शेवटचं पाणमांजर सोमवारी सकाळी आलं. एरवी प्राणिसंग्रहालयाचा गाडीवाला मेलेलं जनावर दारात ठेवायचा, सही घ्यायचा आणि निघून जायचा. या वेळी मात्र रखवालदार स्वतः आला होता. ओल्या पोत्यात गुंडाळलेलं ते जनावर त्याने दोन्ही हातांवर आडवं धरलं होतं.

“म्हातारी गेली, ताई,” तो म्हणाला. “पंधरावं लागलं होतं तिला. परवापासून माशाला तोंडच लावलं नाही.”

“ठेवा भाऊ, इथे ठेवा,” ती म्हणाली आणि उगाचच हातमोजे शोधू लागली. ते समोरच होते, पण त्याच्याकडे बघायला नको होतं.

विद्यापीठाच्या तळघरातला मेंदूंचा संग्रह ती सव्वीस वर्षं सांभाळत होती. साडेसातशे बरण्या. वाटाण्याएवढा वटवाघळाचा मेंदू, रानडुकराचा, हरणाचा, आणि कोपऱ्यातल्या पिंपात हत्तीचा. सगळा विभाग तिला बरणीताई म्हणायचा आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. कवटी उघडून मेंदू अखंड बाहेर काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. नुसत्या घड्या बघून ती सांगायची की हे जनावर नाकावर जगत होतं की डोळ्यांवर. गढूळ पाण्यात मिशांनी मासे चाचपणाऱ्या पाणमांजराच्या मेंदूत मिशांची जागा कशी ऐसपैस असते, हे ती नव्या विद्यार्थ्यांना पेन्सिलीच्या टोकाने दाखवायची.

रखवालदार गेल्यावर तिने म्हातारीचा मेंदू काढला, टिपकागदावर क्षणभर ठेवला आणि काट्यावर चढवला. एकेचाळीस ग्रॅम.

ती स्टुलावर बसली. नऊ पाणमांजरांमधला हा नववा मेंदू. आधीच्या आठांची वजनंही तिने त्या त्या दिवशी नोंदवही उघडून खरीखरी लिहिली होती. चाळीस, बेचाळीस, एकेचाळीस. नदीतल्या रानटी पाणमांजरांची होती तशीच. ती नोंदवही कोणी वाचत नव्हतं. वाचली असती तर चौदा वर्षांपूर्वीच्या सहा ओळी डोळ्यांत खुपल्याच असत्या.

त्या सहा ओळींत लिहिलं होतं चौतीस, तेहेतीस, पस्तीस. वर रकान्याचं नाव होतं: ताजं वजन.

झालं होतं असं. त्या वर्षी प्राणिसंग्रहालयात साथ आली आणि पिंजऱ्यात जन्मलेली सहा पाणमांजरं दोन दिवसांत गेली. बरणीताई नेमकी आदल्या दिवशीच बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. आठ दिवस म्हणून गेली आणि चाळीस दिवस राहिली. बदलीवरच्या माणसाने मेंदू काढले, पण वजन केलंच नाही. फॉर्मॅलिन संपलं होतं म्हणून सरळ स्पिरिटमध्ये बुडवून ठेवले. स्पिरिटमध्ये मेंदू आटतो हे तिला पुरतं ठाऊक होतं. परत आली तेव्हा ते आकसून टणक झाले होते. ती रजेवर जाताना संग्रहावर संशोधन करणाऱ्या सरांनी बजावलं होतं, “ताई, काहीही झालं तरी वजन ताजंच हवं. बदलीवरच्याला नीट सांगून जा.” सांगायचं राहूनच गेलं होतं.

आत्ता लिहून ठेवू, उद्या सरांना सांगू, असं म्हणत तिने आटलेल्या मेंदूंची वजनं ताज्याच्या रकान्यात भरली आणि मेंदू फॉर्मॅलिनच्या बरण्यांत हलवले. दुसऱ्या दिवशी सरच धावत खाली आले. नोंदवही त्यांच्या हातात होती.

“ताई, बघितलंत का हे? डुक्कर, मेंढी माणसाच्या दारी आली आणि त्यांचा मेंदू लहान झाला, पण त्याला हजारो वर्षं लागली. इथे दोन पिढ्या! पिंजऱ्यातल्या दोन पिढ्यांत एवढी घट!”

साठीच्या त्या माणसाला तिने कधी जिना धावत उतरताना पाहिलं नव्हतं. तिने नुसती मान डोलावली. मग तो लेख छापून आला, सरांची भाषणं झाली, आणि सांगायची वेळ दर महिन्याला आणखी लांब गेली.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर तिने कदाचित मनाची समजूत घातली असती. पण तेव्हा प्राणिसंग्रहालयात नऊ पिल्लं वाढत होती. ती नदीत सोडायचं ठरलं होतं. रखवालदाराने त्यांच्यासाठी वाहत्या पाण्याचं मोठं डबकं खणलं होतं, त्यात जिवंत मासे सोडून त्यांना शिकार शिकवली होती. प्राणिसंग्रहालयाच्या समितीने सरांचा लेख वाचला आणि ठराव केला: असा मेंदू घेऊन ही जनावरं बाहेर टिकणार नाहीत, त्यांना सोडणं क्रूरपणाचं ठरेल. नऊच्या नऊ पिंजऱ्यात राहिली. तिथेच म्हातारी झाली आणि एकेक करून हिच्या टेबलावर आली.

आता दहावं यायचं नव्हतं. तिने म्हातारीचं वजन लिहिलं, हात धुतले, नोंदवही पिशवीत घातली आणि सरांच्या घरी गेली.

सर निवृत्त होऊन तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत. दार त्यांच्या पत्नीने, वहिनींनी, उघडलं. “अगबाई, बरणीताई! कितीतरी दिवसांनी. बसा, चहा टाकते.”

“चहा नको वहिनी. आधी बोलते.”

तिने सगळं सांगितलं. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. सर चष्मा कपाळावर सरकवून नोंदवहीची पानं उलटत होते. सहा ओळींवर बोट ठेवलं, मग नऊ ओळींवर.

“स्पिरिटमध्ये,” ते शेवटी म्हणाले. “चाळीस दिवस.”

“हो सर.”

“त्या दिवशी मी खाली आलो तेव्हा सांगितलं असतंत, तर मी चिडलो असतो. फार तर आठवडाभर बोललो नसतो तुमच्याशी.”

“हो सर.”

“चौदा वर्षं मी देशोदेशी जाऊन खोटं सांगत फिरलो, ताई. छाती फुगवून.” आवाज चढला नव्हता. तिला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. “तुम्ही आता जा. मला जरा एकटं बसू द्या.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी या वेळी तिला थांबवलं नाही.

तीन दिवस काही निरोप आला नाही. चौथ्या दिवशी सर काठी टेकत तळघरात उतरले. कोटाच्या खिशातून त्यांनी मोहरीची पुडी काढली.

“त्या सहांच्या कवट्या आहेत ना कोठीत? कवटी काही स्पिरिटने आटत नाही; मोहरी भरून आतली मेंदूची जागा मोजू. काढा. आणि तुलनेला घेतलेल्या नदीतल्या बारा रानटी पाणमांजरांच्याही.”

दोघं दिवसभर बसली. ती कवटीचं कापलेलं झाकण चिकटपट्टीने बसवून मागच्या भोकातून मोहरी भरायची, टिचकी मारून बसवायची, मग मोजपात्रात ओतायची. सर आकडा वाचायचे. कवटी कोणती आहे हे वाचणाऱ्याला कळू नये म्हणून चिठ्ठ्या त्यांनी झाकायला लावल्या होत्या. संध्याकाळपर्यंत सगळं मांडून झालं. पिंजऱ्यातल्या आणि नदीतल्या मेंदूच्या पोकळीत फरक निघाला तो चमच्याच्या टोकावर मावेल एवढा. म्हणजे नव्हताच.

सरांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “मीही एकदा बरणी उघडून बघायला हवी होती. बोटाने दाबलं असतं तरी कळलं असतं. पण आकडे मला हवे तसे आले होते.”

लेख मागे घेत असल्याचं पत्र त्यांनी तिथेच लिहायला घेतलं. ‘नोंदींची खातरजमा मी केली नाही, ही चूक माझी’, एवढंच.

“सर, माझं नाव घाला.”

“काय गरज आहे? तुमची नोकरी आहे अजून चार वर्षं.”

“खोटं मी लिहिलं. तुम्ही नाही.”

“ताई, मूळ लेखात तुमचं नाव नव्हतं. ‘विभागातील कर्मचाऱ्यांचे आभार’, एवढंच होतं. ते घालायला हवं होतं तेव्हा मी घातलं नाही. आता पहिल्यांदा छापायचं ते या कामासाठी?”

“हो. घाला.”

त्यांनी घातलं. वय, हुद्दा, आणि चौदा वर्षांपूर्वी काय केलं ते तीन ओळींत. महिन्याभराने छापून आलं. विभागप्रमुखांनी बोलावून लेखी खुलासा मागितला, नव्या नोंदींवर दुसऱ्याची सही सक्तीची केली. विद्यार्थी काही दिवस तिच्याशी फार जपून बोलत. एवढ्या वर्षांचं ओझं उतरेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. रोज सकाळी त्या नऊ बरण्यांवरून फडकं फिरवताना ती अजूनही एकेक मोजायची.

एका रविवारी ती प्राणिसंग्रहालयात गेली. रखवालदार कोरड्या पडलेल्या डबक्याच्या काठावर बसून जाळी सोडवत होता. तिला बघून उठला, बसायला उलटी बादली पुढे केली. ती बसली नाही. उभ्यानेच सांगितलं.

तो ऐकत राहिला. अर्धवट सुटलेली जाळी तशीच हातात होती.

“म्हणजे सोडली असती तर जगली असती?”

“माहीत नाही, भाऊ. काही मेलीही असती. पण डोक्यात काही कमी नव्हतं त्यांच्या. सोडून बघायला हवी होती.”

“दोन तर कायम पिंजऱ्याच्या जाळीपाशी असायची,” तो म्हणाला. “नदीच्या बाजूच्या. ओलसर वारा आला की मिशा ताठ करून उभी. मी म्हणायचो, गप बसा गं, तुम्हाला झेपणार नाही.”

माफ करा, हे शब्द तिला फारच हलके वाटले. तरी तिने ते म्हटले.

त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते तिला कळलं नाही. मग त्याने हाताने मागच्या शेडकडे दाखवलं. “तिथे माझी बायको आहे, मासे कापतेय. पिल्लं असताना दर दोन तासांनी उठून बाटलीने दूध पाजलंय तिने त्या नवांना. मी नाही सांगणार तिला. तुम्हीच सांगा.”

तो पुन्हा खाली बसला आणि जाळी सोडवू लागला. ती डबक्याला वळसा घालून शेडकडे निघाली. आतून सुरीचा आवाज येत होता. दारापाशी पोचल्यावर तिने हाक मारली, “वहिनी, जरा बोलायचं होतं.”

सुरी थांबली. “या ना, ताई,” आतून आवाज आला, “या, आत या.”