नऊच्या पुढे गेलेली सुई

कॉफीची बारीक पिचकारी गाळणीच्या कडेतून तिरपी उडाली आणि समताच्या पांढऱ्या कुर्त्यावर, ओट्यामागच्या भिंतीवर, डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर जाऊन बसली. कॉफीच्या मशीनवरची दाबाची सुई एरवी नऊवर थांबायची, ती तशीच पुढे निघाली होती. समतानं पंपाची खुंटी झटकन मागे फिरवली. तोवर कपात फिकट, पाणचट काहीतरी जमा झालं होतं.

मोबाइलच्या पडद्यावर नागपूरच्या एका कॅफेच्या समीक्षा मॅडम होत्या. नव्या पोरांना कॉफी शिकवायला त्यांना माणूस हवं होतं. ही नोकरी मिळाली असती, तर समता मलकापूर सोडून नागपूरला गेली असती.

“मॅडम, एकदाच परत करून दाखवते.”

“राहू द्या. घरच्या मशीनचा दाब आवरत नाही, तर इथे मोठ्या मशीनवर तुम्ही काय शिकवणार?” मॅडमचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं. “तुम्हाला कळवते.”

पडदा काळा झाला. समता ओल्या कुर्त्यानं तशीच उभी राहिली. तिनं सगळं बरोबर केलं होतं. आधी खुंटी थोडीशीच फिरवून हलक्या दाबाचं पाणी सोडलं, पावडर भिजून फुगू दिली, जाळीखाली पहिले थेंब दिसल्यावरच खुंटी पुरती उघडली. त्यापुढे दाब नऊवर अडवायचं काम मशीनच्या आतल्या छोट्या व्हॉल्व्हचं. तो तिनं स्वतः लावला होता आणि काल संध्याकाळपर्यंत सुई एकदाही चुकली नव्हती. ती काम करत असलेला पुण्यातला कॅफे बंद पडल्यावर ती हे मशीन घेऊन घरी आली, तेव्हापासून हाच तिचा अभ्यास चालला होता.

तिनं प्लग काढला आणि वरचं झाकण उघडलं. व्हॉल्व्हचा स्क्रू तिनं ठेवला होता त्यापेक्षा चांगला आवळलेला होता; तो आवळला की दाब वाढतो.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

“बाबा!”

दयाराम अंगणात बाजेवर बसून मेथी निवडत होते. कापसाच्या प्रेसिंग फॅक्टरीत त्यांनी उभा जन्म फिटर म्हणून काढला होता. दाबलेल्या कापसाच्या गठाणी बांधणाऱ्या प्रेसचा दाब त्यांच्या हातात असायचा. समताची आई गेल्यापासून घरात माणूस असं ते एकटेच होते, लेक परत येईपर्यंत.

“मशीन कोणं उघडली?” समतानं विचारलं.

“म्या उघडली. तू आंघोळीले गेली होती ना, तवा.” त्यांनी मेथीवरून नजर उचलली नाही. “ते सुई नऊवरच अडकून राह्यली होती. पुढं आकडे हायेत तं. मले वाटलं, मशीनीत दम नाही. आमच्या प्रेसले दाब कमी पडला का गठाण ढिली येत होती.”

“हे प्रेस हाये का तुमची? कापूस दाबून राह्यले का आपण इथं? माही नोकरी गेली, बाबा! समजते का काही?”

“मले काय मालूम, माय.”

“मालूम नाही तं हात काऊन लावता? कोणं सांगितलं तुमाले? विचारता नाही आलं?”

तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असावा, कारण शेजारची बेबीआत्या हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. आत्या ही दयारामांची धाकटी बहीण, आणि भावाची बाजू घेण्यात तिचा हात धरणारं मलकापुरात कोणी नव्हतं.

“काय व पोरी, बापावर अशी वरडते? साधा माणूस हाये तो. त्याले काय समजते तुह्या कॉफीतलं? तुह्या भल्यासाठीच केलं असंल.”

 बाबांच्या बोटांत मेथीची एकच काडी कधीची फिरत होती. समताला स्वतःच्या ओरडण्याची थोडी लाज वाटली. ती पाय आपटत आत गेली आणि स्क्रू सैल करायला पेचकस घेऊन मशीनवर वाकली.

मोबाइलचा उजेड आत पडल्यावर तिला ती रेघ दिसली. केसाएवढी, निळी, दाराला लावून उरलेल्या ऑइलपेंटची. अर्धी स्क्रूच्या डोक्यावर होती आणि अर्धी शेजारच्या पितळेवर. दोन्ही तुकडे आता एका ओळीत नव्हते.

फिटर माणूस दुसऱ्यानं लावलेल्या व्हॉल्व्हला हात घालण्याआधी अशी रेघ ओढतो. कितीही फिरवलं तरी मूळ जागा सापडावी म्हणून. आपल्याला चुकीची वाटणारी जागा कोणी इतक्या जपून ठेवत नाही. शिवाय जन्मभर सुईवर नजर ठेवलेल्या माणसाला पुढचे आकडे मोकळेच सोडायचे असतात, हे कळत नव्हतं? बाबांनी हे मुद्दाम केलं होतं. मघाचा राग भडभडून बाहेर आला होता. हा नवा राग तिला बोलूच देईना.

आत्या पीठ झटकत घरी गेल्यावर ती अंगणात आली.

“खूण काऊन केली?”

बाबांनी पहिल्यांदा वर पाहिलं.

“बाबा, मी विचारून राह्यली. खूण कायले केली?”

“तुहं जाणं एकदा फिसकटलं का परत जाग्यावर आणणार होतो,” ते म्हणाले. “कॉफी चांगली करते तू. ते खराब नोतं करायचं मले.”

समताला मेथीची टोपली लाथेनं उडवून द्यावीशी वाटली. नागपूरच्या बाईनं तिला नालायक ठरवलं होतं, आणि ते या माणसानं निगुतीनं, रेघ ओढून घडवून आणलं होतं.

“उठा. लावा जाग्यावर.”

ते उठले. चष्मा पुसून त्यांनी पेचकस घेतला, बेतानं फिरवत रेघेला रेघ जुळवली आणि बाजूला झाले. समतानं पावडर भरली, हलकं पाणी सोडलं, वाट पाहिली, खुंटी उघडली. सुई नऊवर गेली आणि थांबली. कपात मधासारखी दाट धार उतरली. तिनं तो कप त्यांच्यादेखत मोरीत ओतला.

मग तिनं मॅडमना लिहिलं, व्हॉल्व्ह सरकला होता, मी आधी तपासायला हवा होता, एक संधी द्या. बाबांचं नाव तिनं घातलं नाही, आणि नाव लपवावं लागलं याचाही तिला संताप आला. दुपार कलल्यावर उत्तर आलं. ते तिनं मुद्दाम मोठ्यानं वाचलं.

“उद्या सकाळी. शेवटचं.”

 थोड्या वेळानं बाबा आपली पान्यांची पिशवी घेऊन आले आणि ती त्यांनी समतापुढे ओट्यावर ठेवली. खांद्यावर पांघरायची चादर होती.

“कुठं चालले?”

“बेबीकडं. उद्या तुहं ते होऊन जाऊ दे, मंग येतो.”

“काऊन?”

ते दारात चपलेत पाय घालत होते. एक अंगठा काही केल्या आत जाईना.

“घरी राह्यलो तं परत हात लावीन मी.”

समतानं त्यांना थांबा म्हटलं नाही. ते फाटकाबाहेर पडले, तसं तिनं दार लावलं आणि आतून कडी घातली.