आवाजावरून ओळखायचा वायू

"तिचं तोंड भिंतीकडं करा, मोतीरामकाका. आणि आज मांडीवर घेऊ नका."

"आवो ताई, पोरगी दचकंल की!"

"दचकावं म्हणूनच तर."

मोतीरामकाकांनी सतरंजीच्या तुकड्यावर आबेदाच्या लेकीला, लाइबाला बसवलं, पुढ्यात बुचांचा डबा ओतला आणि ते चार पावलं मागं सरले. औरंगपुऱ्यातल्या या मुलींच्या शाळेत शिपाई म्हणून त्यांना तीस वर्षं झाली होती. आबेदाला प्रयोगशाळा सांभाळायला लागून सहा. मधल्या सुट्टीत इथं कुणी फिरकत नसे.

लाइबा पावणेदोन वर्षांची झाली, अजून एक शब्द नाही. हाक मारली तर वळत नाही. सासू म्हणे, "तेरा मियां भी तीन साल का होके बोल्या. तू इत्ता नक्को सोच." दार आपटलं की पोरगी बघते, हे सासूचं खरं होतं; पण दारासोबत वाराही यायचा. म्हणून शनिवारी आबेदानं लेकीला शाळेत आणलं, जस्तावर ॲसिड ओतलं आणि नळीच्या तोंडाशी काडी धरली. फट्! लाइबा दचकली. आबेदानं तिथूनच नवऱ्याला, याह्याला फोन लावला. चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या गोंगाटात तो तीनतीनदा विचारत राहिला, "सच्ची? सुनी वो?" येताना तो नानखटाईचा पुडा घेऊन आला.

काल पोळ्या लाटता लाटता तिचा हात थांबला. शनिवारी लाइबा मोतीरामकाकांच्या मांडीवर होती. आणि दचकले होते ते काका.

नळीत जस्ताचे तुकडे टाकून तिनं वरून पातळ ॲसिड सोडलं. बुडबुडे उसळले. अंगठ्यानं तोंड दाबताच आतून वायू अंगठ्याला रेटू लागला. रंग नाही, वास नाही. आहे की नाही ते आवाजावरूनच ओळखायचं, असं ती दर वर्षी मुलींना सांगायची. काकांनी पेटती काडी पुढं केली.

फट्!

लाइबा बुचावर बूच ठेवत होती.

"जस्त जुनं हाय, ताई. आवाज बारका निघाला."

तिनं मोठी नळी घेतली. या वेळी झरोक्यातलं कबुतर फडफडत उडालं, व्हरांड्यात मुली किंचाळून हसल्या. लाइबाचं चौथं बूच मनोऱ्यावर नीट बसलं. हात जरासुद्धा हलला नाही.

"अजून एकदा," आबेदा म्हणाली.

"बास आता. मी हाक मारतो की. लाइबा! ए लाइबाबी! माझी माय, बघ की गं इकडं!" शेवटी काकांचा आवाज फाटला.

टेबलावर मोबाइल वाजू लागला. याह्या. घरी नानखटाईचा पुडा अजून अर्धा होता. आबेदानं मोबाइल पालथा ठेवला.

मनोरा पुरा झाल्यावर लाइबा आपणहून वळली, आईला दाखवायला. आईच्या हातातल्या नळीत बुडबुडे दिसताच तिनं दोन्ही हात पुढं केले. आबेदा खाली बसली. नळीचं तोंड लांब धरून तिनं ते इवले तळवे बाहेरून काचेला टेकवले, वर आपला हात ठेवला. काच कोमट झाली होती. आत जस्त थरथरत होतं. लाइबा मोठ्यानं खिदळली.

मागं मोतीरामकाका नळ्या विसळून एकेक स्टँडमध्ये ठेवत होते, अगदी जपून, जराही आवाज न करता.